जे आधी होईल ते

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज मी, सुभाष, वय वर्षे बावन्न, पेशा मास्तरकी, राहणार मंचर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना अशी तक्रार नोंदवतो, की माझ्या नव्या गाडीत टक् असा आवाज येतो.

खडखड, घरघर, कर्रकर्र असे भारदस्त आवाज ज्यांच्या नशिबी असतात त्यांना निदान चारचौघांत कण्हता तरी येतं. माझ्या वाट्याला आला टक्. ब्रेक दाबला की डावीकडून कुठूनतरी एकदाच, टक्. गाडी पुढे निघाली की परत एकदा, टक्. आत कुणी परीक्षक बसलाय आणि माझ्या चालवण्याला एकेक मार्क देतोय, असं वाटतं. पंचवीस वर्षं मी पोरांना असेच मार्क दिले, त्याचं हे उट्टं असावं.

गाडी घ्यायची की नाही यावर सात वर्षं विचार करून झाला होता. शेवटी परवाच्या शनिवारी, नारळी पौर्णिमेला, घरी आणली. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, पुढच्या काचेच्या बुडाशी विडा मांडला, चाकांखाली लिंबं ठेवली. साधनाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, गाडीला ओवाळलं. मला लग्नात ओवाळलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ. आवरताना तिच्या लक्षात आलं की मांडल्या होत्या दोन सुपाऱ्या आणि हाती लागली एकच. गुरुजी म्हणाले, "एक गणपतीनं ठेवून घेतली. शुभ आहे." गुरुजींच्या हातून हरवलेली प्रत्येक गोष्ट शुभच असते.

टक्बद्दल शोरूमला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "सर, पहिल्या सर्व्हिसिंगला बघून घेऊ. एक हजार किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल ते."

म्हटलं, "आणि मी आधी झालो तर?"

"धन्यवाद, सर. आपला दिवस शुभ असो."

मीटर: ९६.

१७ ऑगस्ट, रविवार

बोरी बुद्रुकला जाऊन आलो, गावच्या भैरोबाला गाडी दाखवायला. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलंय, पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ऐंशीच्या वर जाऊ नये, फार वेळ एकाच वेगाने चालवू नये, एकदम दामटू नये. मी ती पुस्तिका दोनदा वाचली. बहुधा छापणाऱ्यानंतर मीच पहिला वाचक. तर मी साठने चाललो होतो. नारायणगावपुढे टोमॅटोच्या पिकअप सुळकन पुढे गेल्या. मग कोथिंबिरीच्या जुड्या भरलेला ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरवाल्याने वळून बघितलं, त्याचं मला जास्त लागलं.

चुलतभाऊ म्हणाला, "गाडीला ताप आलाय का काय, राव?"

मीटर: १८१. टक्: मोजणं सोडून दिलं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज बहिरूकडे गेलो. जुन्या हायवेला पेट्रोल पंपाला लागून त्याचं गॅरेज. माझी स्कूटर आणि त्यानंतरची जुनी गाडी, दोघींनी एकवीस वर्षं त्याच्याच हाताखाली काढली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसरा नोझल." बस. डॉक्टर लोक गळ्यात नळी घालून फिरतात ती केवळ शोभेला, हे मला बहिरूमुळे कळलं.

गॅरेजसमोर थांबून हॉर्न दिला. बहिरू पाठमोरा. दोनदा दिला. "बहिरू!" अशी हाक मारली. ढिम्म हलला नाही. शेवटी लंकावहिनी, त्याची बायको, आतून आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा स्वारी वळली. मग मात्र तोंडभर हसून, "आरं मास्तर! गाडी? लई झ्याक! रंग बगा कसा हाय, नुस्ता जांभूळ!"

विचारलं, "पहिली सर्व्हिसिंग कधी करावी रे? कंपनी म्हणते महिना."

मी जे बोलेन ते वहिनी त्याच्याकडे तोंड करून पुन्हा बोलत होती. जसा काही मी फारसीत बोलतोय आणि तीच तेवढी शिकलेली. ही बाई पूर्वी अशी नव्हती. हल्ली नवऱ्याच्या वाटचंही तीच बोलते.

बहिरूने हात पुसले. "नव्या गाडीचं पयलं हजार म्हंजी बाळंतिणीचा सव्वा महिना, मास्तर. वारं लागू द्याचं न्हाई, वझं उचलू द्याचं न्हाई, धावाडायचं न्हाई. आन सव्वा महिना झाला का एक डाव समदं नीट बगायचं. लोकं म्हनत्यात नव्याला काय बगायचं? आवो, नवंच ढिलं पडतं. नट बसत्यात, पट्टा ताणतो. जुनी गाडी बोंब तरी मारती. नवी कायबी सांगत न्हाई. तिला आपणहून इचारावं लागतं."

वहिनीला फोन आला म्हणून ती आत गेली. मी म्हटलं, "डावीकडनं टक् असा आवाज येतोय."

टायरकडे बघत म्हणतो, "व्हय, आवंदा पाऊस बराय."

"टक् म्हणतोय मी, टक्!"

"गेणभाऊंचं व्हय? त्यांच्या सहा टेंपोचं दसऱ्याला परत ठरायचंय. ती हायेत म्हनून शटर वर हाय, मास्तर. न्हाईतर हल्ली कोण येतंय? ज्यो त्यो कंपनीत."

गेणभाऊ म्हणजे शिनोलीचे दूधवाले. घाटावरून दूध उतरवणारे त्यांचे सहाही टेंपो बहिरूकडे असतात. ते ठीक. पण "ज्यो त्यो कंपनीत" हा टोमणा कुणाला होता हे न कळायला मी काही मंचरचा आमदार नाही.

मग माझ्याकडे पाठ करून तो एका पिकअपच्या इंजिनावर वाकला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि त्याची मूठ कानाला न लावता चक्क दातांत धरली. उतारवयात माणसं चणेफुटाणे सोडतात, हा लोखंड चावायला लागलाय.

निघताना मात्र बरोबर आठवलं त्याला. "मास्तर, माजा धा-अकराचा पाना? चार वर्सं झाली. खंडेनवमीला हत्यारं मांडतो तवा तेवढी जागा रिकामी ऱ्हाती."

"देतो रे."

कंपनीत जाणार म्हटल्यावर एकवीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचा शब्द कानाआड. पान्याचं बरं आठवतं.

२४ ऑगस्ट, रविवार

साप्ताहिक 'घोडकाठ'मधल्या माझ्या 'चिमटा' सदराला या वेळी विषय शोधावा लागला नाही. एका बैठकीत उतरलं. जपून ठेवण्यासारखं आहे म्हणून इथे उतरवतो:

"आमच्या गावच्या एका गाडीवैद्याला आईबापांनी मोठ्या भक्तीने भैरवनाथाचं नाव ठेवलं. देव कामात होता. त्याने घाईघाईत नावाचा अर्थ भलताच लावला आणि तसा प्रसाद दिला. आता इंजिन बोंबललं तरी वैद्यबुवांना ऐकू जात नाही, गिऱ्हाईक बोंबललं तरी नाही. चहा आलेला मात्र कप वाजायच्या आधी कळतो. सध्या ते यंत्राचं दुखणं दाताने चावून ओळखतात. आपली गाडी गोड निघो, ही प्रार्थना."

नाव घेतलेलं नाही. मंचरात मेकॅनिक पुष्कळ आहेत. तसं नाव एकाचंच आहे, याला मी काय करणार?

साधनाला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "हे नका पाठवू."

"का?"

"नका पाठवू म्हणते ना."

"अगं, पण कारण?"

ती काहीतरी सांगणार होती असं वाटलं. मग म्हणाली, "मी कुणाला तरी शब्द दिलाय," आणि मखराचे पुठ्ठे घेऊन बसली. बायकांचे एकमेकींना दिलेले शब्द! एकीने साडी कितीला घेतली हे दुसरीने सांगायचं नाही, असले. पाठवून दिलं.

३० ऑगस्ट, शनिवार

काल अंक आला. सकाळपासून अकरा फोन. इतके फोन मला बढती मिळाली तेव्हाही आले नव्हते. कॉलेजात स्टाफरूममध्ये कुणीतरी मोठ्याने वाचलं आणि ज्ञानेश्वर शिपाई हसता हसता चहा सांडून बसला. "गॅरेजवाल्या बहिरूचंच ना, सर?" म्हटलं, "मी कुठे नाव घेतलंय?" की पुन्हा हशा. कात्रणाचा फोटो फोनाफोनी फिरतोय. संध्याकाळी तो मलाच तिघांनी पाठवला, वर "मस्त आहे, बघा" असं लिहून.

साधना उद्याच्या गौरींच्या तयारीत आहे. हळदीकुंकवाला बोलवायला म्हणून जुन्या हायवेपर्यंत पायी जाऊन आली. लंकावहिनी येणार नाही म्हणाली म्हणे.

म्हटलं, "एवढं लांब चालत कशाला गेलीस? दारात गाडी उभी आहे."

उत्तर नाही. हल्ली या गावात मला उत्तर द्यायचं नाही असा ठराव झालेला दिसतो.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती बोळवून घरी आलो तोच सर्व्हिस सेंटरच्या मुलीचा फोन. "सर, आपली पहिली सर्व्हिसिंग आठ तारखेला ड्यू आहे."

"मीटर चारशे एकतीस आहे. हजाराला अजून अवकाश आहे."

"सर, महिना आधी होतोय. जे आधी होईल ते."

साधनाने आतून ऐकलं. उद्या ग्रहण आणि परवापासून पितृपक्ष. नव्या गाडीला पितरांच्या पंधरवड्यात पाना लावायचा नाही, हे आमच्याकडे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही आणि कुणीही मोडत नाही. मी फोनवर सांगितलं, "घटस्थापनेनंतर आणतो." मुलगी म्हणाली, "सर, मुदत टळली तर वॉरंटीत नोंद होईल." म्हटलं, "माझ्या आजोबांची नाराजी कुठल्या वॉरंटीत बसते ते विचारून सांगा." तिने साहेबांना विचारते म्हटलं. बिचारी खरंच विचारेल.

शिवाय बहिरू सव्वा महिना म्हणाला होता. सव्वा महिना अठराला भरतो. विद्वानांत मतभेद असले की काही न करणं हा सर्वमान्य मार्ग.

टक् वाढलाय. की मला जास्त ऐकू येतोय, कोण जाणे.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी बारा वाजता बहिरूचं शटर अर्धं खाली. बाहेर एकही टेंपो नाही. दुपारची झोप सुरू केली वाटतं. सुखी माणूस.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सव्वा महिना आज भरला.

सकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात गेणभाऊ भेटले. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची सवय. हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमी लिवलं ते बरं केलं राव. डोळं उघाडलं आमचं."

मी नेहमीसारखा नम्र झालो. "अहो, आपली थोडी गंमत."

"गंमत कसली? मला काय म्हाईत बहिरूला ऐकू येत न्हाई ते? टेंपो डायवर घेऊन जात्यात, आमी कवा जातो तिथं? तुमचं वाचलं, म्हनलं जाऊन बगू. त्येच्या मागं हुबा ऱ्हायलो आन चार डाव हाक मारली. न्हाई वळला. मंग पायाजवळ डबडं टाकलं पत्र्याचं. तरी न्हाई."

"गेणभाऊ, अहो, तो विनोद होता."

"विनोद तुमचा. टेंपो माजं. घाटातनं उतरत्यात, मास्तर, आत मानसं असत्यात. ज्येला इंजिन ऐकू येईना त्येच्या हातात ब्रेक कसं द्यायचं? वाईट वाटलं, न्हाई असं न्हाई. वीस वर्सांत एक डाव गाडी घाटात हुबी ऱ्हायली न्हाई त्येच्यापायी. पन काडली समदी. सहाची सहा. नारायणगावला लावली."

मी म्हणालो, की वीस वर्षांत एकदाही बंद पडली नाही तर मग. ते म्हणाले, "तेच की. मंग काय?" त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले. नको म्हटलं तरी दिले. "तुमचे उपकार," म्हणाले.

नंतर दिवसभर एक गोष्ट आठवत राहिली. त्या दिवशी वहिनी त्याच्याकडे तोंड करून का बोलत होती.

मी कारण असं लिहिलं होतं की तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो. ते विनोदात बसत होतं. हे कशात बसवायचं?

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आमच्या भागातला पोळाही आजच. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत आम्ही जेवलो. पोळीचा दुसरा तुकडा मोडताना मी साधनाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दीड वर्ष."

"आणि सांगितलं नाहीस?"

"लंकाताईंनी शपथ घातली होती. गिऱ्हाइकांना कळलं तर धंदा बसेल म्हणून. गावातल्या दहा बायकांना माहीत होतं, अहो. एकीनेही घरात सांगितलं नाही."

"कानाला लावायचं मशीन असतं की."

"घेतलंय. पण ते सगळंच मोठं करतं. हातोडा, हॉर्न, कंप्रेसर. डोकं फुटायची वेळ येते म्हणे. म्हणून गॅरेजात काढून ठेवतात. घरी आल्यावर लावतात, नातीचं बोलणं ऐकायला." तिने ताटातलं मीठ उगीच बोटाने सारखं केलं. "आणि त्यांचं काम कुठे अडत होतं? दाताला लावलं की हाडातून कळतं म्हणतात. हातालाही कळतं. फक्त हाक ऐकू येत नव्हती. हाकेचं लंकाताई बघत होत्या."

मी म्हटलं, "तू मला त्या रविवारी नीट थांबवायला हवं होतंस."

"नका पाठवू म्हटलं होतं."

"पण कारण दिलं नाहीस."

"तुम्हाला कारण दिलं असतं," साधना म्हणाली, "तर तुम्ही ते पण लिहिलं असतं."

जेवण झाल्यावर बराच वेळ 'घोडकाठ'च्या संपादकांना द्यायचा खुलासा लिहीत बसलो. "२९ ऑगस्टच्या अंकातील मजकुरात उल्लेखिलेल्या गृहस्थांना खरोखरच ऐकू येत नसल्याचे समजते." पुढे लिहवेना. सात वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा वाईट झालं. हल्ली मला कुणाबद्दल वाईटच तेवढं चांगलं लिहिता येतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

गाडीची पहिली सर्व्हिसिंग. मुदतीनंतर पंधरा दिवसांनी. मीटर: ५४८. नोंद होईल असं पुन्हा सांगण्यात आलं, होवो.

काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली. आत गाडीला वायर जोडून पडद्यावर तिचं आरोग्य बघत होते. तेल पाहिलं, हवा भरली, नट आवळले, धुतली. तासाभराने तिथला अधिकारी हसतमुखाने आला. "सर, गाडी एकदम ओके."

"आणि टक्?"

"सर, आपला आवाज सिस्टीममध्ये दिसत नाही."

"आवाज दिसत नाहीच. ऐकू येतो. जरा माझ्याबरोबर बसून ऐका."

तो बसला. मी आवारात गाडी फिरवली, ब्रेक दाबला. टक्. मी त्याच्याकडे बघितलं. तो फोनमध्ये बघत होता. "सर, नवीन गाडीत होतं थोडंफार. सेट होईल."

दोन्ही कान शाबूत होते त्याचे.

२८ सप्टेंबर, रविवार

बहिरूकडे गेलो.

जाताना वाक्य तयार केलं होतं. लहान, स्वच्छ, वर्गात सांगतो तसं. शटर अर्धं खाली होतं, वाकून आत गेलो. वहिनी दाराशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, उठली आणि आत गेली. बहिरू जमिनीवर बसून एका पसरट डब्यातले नटबोल्ट वेगळे करत होता. मी वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. एवढं आता शिकलोय.

आणि तिथे माझी पंचाईत झाली. माफी ही हळू आवाजात मागायची गोष्ट आहे. बहिरूपुढे ती ओरडून मागावी लागणार होती. शेजारी पंपावर गाड्यांची रांग, आणि रांगेतले निम्मे लोक माझे वाचक. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं:

"गाडीत आवाज येतोय."

त्याने माझे ओठ वाचले. "आवाज?" तो हसला, डब्यात हातातला नट टाकला. "चला. बगू."

मी चालवायला, तो डावीकडे. म्हणाला, "मास्तर, तुमी ऐकायचं, मी हात लावतो. आवाज आला का एक बोट वर करा. बोलू नका, बोलून उपेग न्हाई."

मागच्या गल्लीत वीसच्या वेगाने निघालो. ब्रेक. टक्. बोट वर. त्याचा तळवा डॅशबोर्डवर होता, त्याने तो दाराच्या बाजूला सरकवला. पुन्हा ब्रेक, टक्, बोट. तळवा काचेच्या बुडाशी. डोळे मिटलेले. गल्लीच्या टोकाला जाऊन वळलो, परत आलो, परत गेलो. ओट्यावर बसलेल्या माणसांना काय वाटलं असेल! एक मास्तर गाडी धक्के देत चालवतोय आणि दर धक्क्याला बोट वर करतोय, शेजारी एक माणूस गाडीची नाडी धरून बसलाय. सातव्या-आठव्या बोटाला तो पुटपुटला, "घरंगळतंय कायतरी. गोल हाय."

बॉनेट उघडून त्याने काचेच्या बुडाची काळी पट्टी उचकली, फटीत दोन बोटं घातली आणि काढली ती सुपारी. नारळी पौर्णिमेची. हळदकुंकू अजून तसंच.

मी म्हटलं, अर्थात ओरडून, "काय द्यायचं?"

बहिरूने सुपारी माझ्या तळहातावर ठेवली, माझी मूठ मिटली आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "सुपारी घ्यायचं काम आपलं न्हाई, मास्तर. ते तुमी घेता."

मला हसू आलं. सवय. वाक्य माझ्या सबंध लेखापेक्षा चांगलं होतं. मग दिसलं की तो हसत नाहीये.

"पाडव्याला शटर मोकळं करतोय," तो म्हणाला. "मोबाइलवाला येतोय. आमी गावाकडं. शिनोलीच्या वर दोन खाचरं हायेत भाताची. भाताला हाक मारावी लागत न्हाई."

"बहिरू, मी..."

तो आधीच वळून वाकला होता, नटबोल्टांच्या डब्याकडे. पाठीला काय सांगणार?

एकवीस वर्षांत त्या गॅरेजातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो.

घरी येताना ब्रेक पुष्कळ दाबले. काहीही वाजलं नाही. गाडी इतकी शांत आहे की त्रास होतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी.

सकाळी पाना शोधायला उठलो तर तो ओट्यावर होता. साधनाने शिवणयंत्राच्या खणातून काढून, राखेने घासून ठेवलेला. दहा-अकरा हे आकडे वाचता येत होते.

गॅरेजचं शटर आज पूर्ण वर होतं. फरशी धुतलेली, लाल कापड अंथरलेलं, त्यावर सगळी हत्यारं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. झेंडूची फुलं. लांब स्क्रू ड्रायव्हर मधोमध, त्याच्या मुठीवर दातांच्या खुणा. सहा-सात, आठ-नऊ, मग बोटभर मोकळी जागा, मग बारा-तेरा, चौदा-पंधरा. बहिरू माझ्याकडे पाठ करून समईची वात सारखी करत होता.

मी हाक मारली नाही. चपला काढल्या, पुढे झालो, पाना त्या मोकळ्या जागेत ठेवला. आठ-नऊच्या रेषेत आला नाही म्हणून जरा सरळ केला.

वहिनी तबक घेऊन उभी होती. तिने पान्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वाकून ओळीने हळदकुंकू लावत गेली. आठ-नऊला लावलं, दहा-अकराला लावलं, बारा-तेराला लावलं.

बहिरू वळायच्या आत मी चपला घालून निघालो.

चालतच गेलो होतो. मीटर कालचाच आहे.